शस्त्रक्रियेनंतरचा श्वास

पोटाची मोठी शस्त्रक्रिया यथास्थित पार पडावी, जखमही भरूं लागावी, आणि दोन-तीन दिवसांत ताप चढून रोगी न्युमोनियानें दगवावा, असे प्रसंग एके काळीं विरळ नव्हते. शस्त्र चालावें पोटांत आणि घाला पडावा फुफ्फुसावर, हें कोडें वैद्यांस पुष्कळ दिवस पडलें होतें. तें कसें उलगडलें याचा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे.

१८४६ सालीं बोस्टन येथें ईथरचा प्रयोग यशस्वी झाल्यावर शस्त्रविद्येचें क्षेत्र विस्तारलें. साहजिकच मागाहून होणाऱ्या फुफ्फुसविकारांचा दोषही ईथरच्याच माथीं आला. परंतु ज्यांस ईथर न देतां केवळ पोटाचा भाग बधिर केला होता, त्यांनाही न्युमोनिया होऊं लागला, तेव्हां ही उपपत्ति लंगडी पडली.

लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांतील डॉक्टर विल्यम पाश्चर यांनीं १९०८ व १९१० सालीं निराळा विचार मांडला. जंतुशास्त्रज्ञ लुई पाश्चर ते हे नव्हेत. त्यांच्या मतें आधीं बिघडते ती श्वास आंत घेण्याची शक्ति. छाती व पोट यांमधला स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, नीट खालीं उतरत नाहीं. फुफ्फुसाचा तळचा भाग न फुगतां मिटून राहतो, आणि तेथें कफ सांचून जंतूंस आश्रय मिळतो. दुखतें म्हणून रोगी श्वास चोरतो हें खरेंच. पण तेवढेंच कारण नव्हे. वेदना शमविल्या तरी श्वासपटल कांहीं काळ मंदच राहतें, असें १९८३ सालच्या संशोधनांत दिसून आलें.

मग उपाय कोणता? तो औषधाच्या बाटलींत नव्हता. मर्दन करणाऱ्यांच्या हातांत होता. मर्दनाच्या धंद्यास आलेली अपकीर्ति धुऊन काढण्यासाठीं चार इंग्रज परिचारिकांनीं १८९४ सालीं जी संस्था काढली, तिच्यांतूनच पुढें फिजिओथेरपीचा व्यवसाय इंग्लंडांत प्रतिष्ठा पावला. पहिल्या महायुद्धांत छातीस जखमा झालेल्या सैनिकांना कॉर्टलंड मॅकमॅहन यांनीं श्वासाचे व्यायाम दिले. १९३० नंतरच्या दशकांत लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयांत विनिफ्रेड लिंटन यांनीं ती पद्धति वाढविली. रोग्याच्या खालच्या बरगड्यांवर तळहात ठेवावयाचा, श्वास सोडतांना हलकेंच दाबावयाचें, आणि 'आतां माझा हात उचला' असें सांगून श्वास घ्यावयास लावावयाचें. खोकतांना टांक्यांस उशीचा आधार द्यावयाचा. एवढीच ती विद्या.

येथें एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. तो हात रोग्यासाठीं श्वास घेत नाहीं. कोठें व कसा घ्यावा हें शिकवितो. म्हणूनच शिक्षणाची वेळ निर्णायक ठरते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ४४१ रोग्यांवरील प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत शस्त्रक्रियेपूर्वीं केवळ अर्धा तास फिजिओथेरपिस्टकडून शिकलेल्यांपैकीं शेंकडा १२ जणांस फुफ्फुसविकार झाले. केवळ माहितीपत्रक मिळालेल्यांत तेंच प्रमाण शेंकडा २७ होतें. हाताच्या कोणत्या युक्तीनें किती गुण येतो, याविषयीं मात्र अद्याप एकमत नाहीं.

आमच्या घरांतून रोग्यास मायेपोटीं 'हालूं नका, खोकूं नका' असें बजावण्याची रीत आहे. ती माया खोटी नव्हे. पण अशा प्रसंगीं ती अहितकारक ठरूं शकते. शस्त्रवैद्याचें काम टेबलावर संपतें. रोग्याचें काम त्यानंतर सुरू होतें, आणि तें त्यास आदल्या दिवशींच शिकविलेलें असावें.