व्हीलुकअपचं गोत्र

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही पंचायत समितीत, बँकेच्या शाखेत किंवा साखर कारखान्याच्या कार्यालयात थोडा वेळ बसा, एक वाक्य कानावर पडतंच: "व्हीलुकअप मार ना." एका शीटवर अनुदानाच्या लाभार्थ्यांची यादी असते, दुसऱ्या शीटवर त्यांचे खाते क्रमांक, आणि हजार नावांपुढे हजार क्रमांक संध्याकाळच्या आत यायला हवे असतात. मग सूत्राला चार गोष्टी सांगायच्या: काय शोधायचं, कुठे शोधायचं, सापडल्यावर कितव्या कॉलममधलं उचलून आणायचं, आणि चौथी, शोध तंतोतंत हवा की जवळपासचं चालेल. पहिल्या तिन्ही सगळ्यांच्या लक्षात राहतात. चौथी राहून गेली तर सूत्र तक्रार करत नाही. ते बिनदिक्कत शेजाऱ्याचा खाते क्रमांक आणून ठेवतं. यादी नीट भरलेली दिसते, सही होते, आणि पैसे भलत्याच्याच खात्यात जमा होतात.

हा अवगुण सूत्राला जन्मापासून आहे.

डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये व्यवसायशास्त्र शिकत असताना त्याला पडद्यावरच्या चौकटीबद्ध कागदाची कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टनने तिचा प्रोग्रॅम लिहिला आणि 1979 मध्ये अ‍ॅपल टू या संगणकासाठी 'व्हिसिकॅल्क' बाजारात आलं. 63 कॉलम, 254 ओळी आणि एकच शीट. फ्रँकस्टनला आपल्या आयकराचा हिशेब त्याच्यावरच मांडून बघायचा होता. त्यासाठी कराचा तक्ता वाचणारं काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने 'लुकअप' घातलं. आता कराच्या तक्त्यात तुमचं नेमकं उत्पन्न कधीच छापलेलं नसतं. तिथे टप्पे असतात. आपला आकडा ज्या टप्प्यात बसतो त्याचा दर घ्यायचा. म्हणून ते सूत्र चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांवरून पुढे जातं, आपल्या आकड्याहून मोठं काही येणार असं दिसलं की मागच्या ओळीवर थांबतं आणि तिच्या शेजारचं मूल्य देतं. करासाठी हे अगदी बरोबर होतं. 1983 मध्ये 'लोटस 1-2-3' आलं, त्यात उभ्या आणि आडव्या तक्त्यांसाठी दोन वेगळी सूत्रं झाली. उभ्याचं नाव व्हीलुकअप. 1985 मध्ये मायक्रोसॉफ्टचं एक्सेल आधी मॅकिंटॉशवर आलं. सूत्र पुढच्या घरात गेलं आणि सवय सोबत घेऊन गेलं: काही सांगितलं नाही तर टप्पा शोधायचा.

टप्प्याचा शोध आपल्याकडे व्हिसिकॅल्कच्याही आधी जवळजवळ दीडशे वर्षं चालू होता, आणि तोही सरकारी वसुलीसाठीच. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूरपासून जमीनमोजणीची नवी पद्धत सुरू केली, आणि 1847 च्या 'जॉइंट रिपोर्ट'ने, डेव्हिडसनच्या सहीसह, तिचे नियम बांधून दिले. त्यात मातीच्या प्रतवारीचा एक तक्ता आहे. चांगल्या प्रतीची माती पावणेदोन हात खोल असली तर ती 16 आण्यांची, दीड हाताला 14, सव्वा हाताला 12, एक हाताला 10, पाऊण हाताला 8, अर्ध्याला 6, पाव हाताला साडेचार. हलक्या प्रतीच्या मातीला त्याच खोलीला कमी आणे, आणि शेवटचा, नववा वर्ग 2 आण्यांचा. चुनखड, वाळू, उतार असा दोष दिसला की वर्ग एकेक पायरी खाली. कारकून शेतात खड्डा घेऊन खोली बघायचा, तक्त्यात टप्पा शोधायचा, आणे लिहायचा. निजामाच्या मराठवाडी जिल्ह्यांत पुढे मोजणी झाली ती मुंबईच्याच वळणावर. बीडच्या शेतकऱ्याला आज माहीत आहे ती पिकाची पैसेवारी: पन्नासच्या खाली आली की टंचाईच्या सवलती, वर राहिली की काही नाही. 49 आणि 51 यांच्यामध्ये पीक किती आलं यापेक्षा टप्पा कुठे पडला याला महत्त्व. टप्प्याच्या शोधाचं हे स्वरूपच आहे, तो काठावरच्या माणसाला नेहमी बोचतो.

पण व्हीलुकअपचं खरं घराणं मला दुसरीकडे दिसतं. टप्प्याचा नव्हे, नेमक्या नोंदीचा शोध; एका वहीतला क्रमांक घेऊन दुसरी वही उघडायची आणि तिथलं वाक्य पहिलीकडे आणायचं. पेढीवर हे काम कीर्द आणि खतावणी करत. दिवसाचा व्यवहार कीर्दीत उतरायचा, मग त्या त्या माणसाच्या खात्यावर खतवायचा, आणि कीर्दीतल्या नोंदीशेजारी खतावणीचं पान लिहायचं. पान क्रमांक लिहायला विसरलेला मुनीम आणि जुळणारा कॉलम न ठेवलेली एक्सेल शीट यांच्यात फरक करता येत नाही.

गावच्या दप्तरात ही कला फारच वर गेली. मुंबई इलाख्यात महसुली हिशेबाचे जे नमुने बसवले गेले, आणि ज्यांच्या पुस्तकाला महसूल खात्यात अजून 'अँडरसन मॅन्युअल' म्हणतात, त्यात गावाचे एक ते एकवीस नमुने आहेत. आपण एका श्वासात 'सातबारा' म्हणतो ते मुळात दोन नमुने: सात म्हणजे जमीन कोणाची, बारा म्हणजे तिच्यात पीक काय. एकाच गट क्रमांकावर दोन्ही जुळतात म्हणून एका कागदावर येतात. आठ-अ ही खातेवही. तिच्यात तीच जमीन उलट्या बाजूने लावलेली असते: माणसाच्या नावाखाली त्याचे सगळे गट. जमीन माहीत असेल तर सात उघडा, माणूस माहीत असेल तर आठ-अ. आणि सहा नंबर म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारसा, वाटणी, बोजा, प्रत्येक बदलाला तिथे अनुक्रमांक, आणि तोच अनुक्रमांक सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात. नाव कसं आलं हे सातबारा सांगत नाही. कुठे बघायचं ते सांगतो. व्हीलुकअपला फक्त उजवीकडे बघता येतं, शोधायचा कॉलम पहिला हवा ही त्याची जुनी अडचण. तलाठ्याच्या दप्तराला ती कधीच नव्हती, कारण उलट्या दिशेची वही आधीच करून ठेवलेली होती.

बीडला मात्र हे नमुने उशिरा आले. जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे इथल्या जुन्या जमिनीचा शोध सातबाऱ्यावर संपत नाही. मागे पाहणी पत्रक, त्यामागे 1954-55 चं खासरा पत्रक, इनामी जमीन असेल तर मुंतखब, आणि त्या कागदांत उर्दू आणि मोडी. सर्व्हे नंबर बदलून गट नंबर झाले, एकत्रीकरणात तुकडे जोडले गेले. म्हणजे जुन्या वहीतली खूण नव्या वहीत जशीच्या तशी सापडत नाही. मध्ये जुना नंबर आणि नवा नंबर शेजारी-शेजारी लावलेला तिसरा तक्ता लागतो. ज्याने ज्याने बीडमध्ये वडिलोपार्जित जमिनीचा दावा चालवला आहे त्याला हे तिसऱ्या तक्त्याचं प्रकरण सांगायला नको.

याची मोठी परीक्षा अलीकडेच झाली. 2023 च्या सप्टेंबरमध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, जन्म-मृत्यूचा गाव नमुना चौदा म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात तो, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, सगळं बाहेर निघालं. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. आरक्षणाच्या वादात मी इथे पडत नाही. शोधाची अडचण मात्र बघण्यासारखी होती. जुन्या नोंदीत माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव. आडनाव असेलच असं नाही, क्रमांक तर नाहीच. आजच्या अर्जदाराकडे आडनाव आहे, आधार आहे, आणि पणजोबांचं नाव घरातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी. या दोन टोकांमध्ये दुवा म्हणून वंशावळ लावावी लागते. वंशावळ म्हणजे इथे एक जोडतक्ताच, आणि तिच्यात एक पिढी चुकली तर सगळा शोध दुसऱ्याच भावकीत जाऊन पडतो. सूत्र कितीही हुशार असो, दोन्ही बाजूंना एकच खूण नसेल तर त्याला काही करता येत नाही.

नाव ही खूण म्हणून किती कच्ची हे बीडच्या अकरा तालुक्यांची यादी घेतली तरी कळतं. त्यात शिरूर आहे. पुणे जिल्ह्यातही शिरूर आहे आणि लातुरात शिरूर अनंतपाळ. म्हणून आपलं 'शिरूर कासार' म्हणून वेगळं सांगावं लागतं. आष्टी बीडमध्ये आहे, तशी वर्ध्यातही. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी या नावांची गावं तर मोजत बसू नये. व्हीलुकअपला असा सारखेपणा दिसला की ते पहिलं सापडलेलं नाव देऊन मोकळं होतं, दुसरं आहे असं सांगतही नाही. नाव एका शीटवर 'शिरूर' आणि दुसऱ्यावर 'शिरुर' असेल तर उलटा प्रकार: गाव समोर दिसतंय आणि सूत्र 'एन/ए' म्हणतंय. शेवटी एखादी अदृश्य रिकामी जागा राहिली असेल तरी तेच. यावर उपाय एकच, गावाला क्रमांक. 2020 मध्ये सातबाऱ्याचं रूप बदललं तेव्हा त्यावर गावाचा एलजीडी कोड छापायला सुरुवात झाली आणि शेवटचा फेरफार क्रमांकही आला. बातम्यांत बोधचिन्हाची चर्चा जास्त झाली. माझ्या मते त्या बदलातली कामाची गोष्ट तो कोडच.

क्रमांक नसण्याची किंमत कोण भरतं हे बघायचं तर दिवाळीनंतर धारूर, केज, पाटोदा, शिरूरच्या रस्त्यांवर जावं. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्यामागे उचल, तीही हंगामाआधीच घेतलेली. मुकादमाच्या वहीत कोयत्यागणिक उचल आणि वरखर्च असतो. तोडलेला ऊस कारखान्याच्या काट्यावर जातो आणि पावती निघते ती गाडीच्या किंवा टोळीच्या क्रमांकावर. टन एका कागदावर, उचल दुसऱ्या वहीत, आणि त्यांना जोडणारा हिशेब मुकादमाच्या डोक्यात. हंगाम संपल्यावर उचल फिटली की बाकी राहिली हे त्या जोडणीवर ठरतं, आणि ती जोडणी कोयत्याला बघायला मिळत नाही. दुसरी शीट ज्याच्या हातात, हिशेब त्याचा. हे कुठलंही सूत्र दुरुस्त करू शकत नाही, पण काट्याच्या प्रत्येक पावतीवर कोयत्याचा क्रमांक आला तर भांडणं निम्मी होतील असं मला वाटतं.

सूत्राची पुढची हकिगत थोडक्यात. शीटच्या बाहेर डोकावणं व्हिसिकॅल्कला जमत नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या 'मल्टिप्लॅन'मध्ये 1982 पासून 'एक्सटर्नल' नावाची आज्ञा होती, तिने एका फाइलमधले आकडे दुसरीत आणता येत. 1993 च्या एक्सेल पाचमध्ये एकाच वहीत अनेक शीट आणि खाली त्यांच्या पट्ट्या असं आजचं रूप स्थिर झालं, आणि शीटचं नाव, उद्गारचिन्ह, मग सेल, हा पत्ता लिहिण्याची पद्धत सगळ्यांच्या बोटांत बसली. 2007 मध्ये ओळी 65,536 वरून 10,48,576 झाल्या. आता अख्ख्या जिल्ह्याचे खातेदार एका शीटवर मावू लागले, आणि चुकाही त्याच मापाने मोठ्या झाल्या.

चौथ्या गोष्टीची खोड मोडायला 2019 उजाडावं लागलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सलुकअप' जाहीर केलं. ते डावीकडेही बघतं, आणि काही न सांगितलं तर तंतोतंत जुळणारीच नोंद शोधतं. एका माणसाच्या आयकरासाठी पडलेली सवय जायला चाळीस वर्षं लागली. तालुक्याच्या कार्यालयांतल्या बऱ्याच संगणकांवर एक्सेलची जुनी आवृत्ती आहे, तिच्यात हे नवं सूत्र नाही. तिथे बसणाऱ्यांनी तंतोतंत शोधासाठी व्हीलुकअपच्या शेवटी शून्य लिहायला विसरू नये आणि नावावर कधी शोधू नये. आणि सातबारा काढणाऱ्यांनी नुसता तेवढाच घेऊन घरी जाऊ नये. नावाशेजारी जो फेरफार क्रमांक आहे, त्या फेरफाराची नक्कलही तिथेच मागून घ्यावी.