सेनापतीचा राजीनामा आणि मंत्र्याची खुर्ची

ऑक्टोबर १९५८ मध्ये पाकिस्तानात लष्करी कायदा पुकारला गेला आणि त्याच महिन्याअखेर सरसेनापती अयुबखान राष्ट्राध्यक्ष होऊन बसले. आपल्याकडेही पुढच्याच वर्षी ठिणगी पडली. परंतु आग लागली नाही. ती का लागली नाही, हे समजून घेण्याजोगे आहे.

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन हे उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आलेले. (१९६२ मध्ये त्यांनी तेथेच आचार्य कृपलानींना हरविले. त्या निवडणुकीची रंगत घरातील वयोवृद्धांना विचारावी.) भूदलप्रमुख जनरल थिमय्या यांचे व त्यांचे पटेना. बढत्यांच्या बाबतीत, विशेषतः बी. एम. कौल यांच्या बढतीत, आपला सल्ला डावलला गेला ही थिमय्यांची तक्रार. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी त्यांनी राजीनामा दिला. पंडित नेहरूंनी समजूत काढून तो मागे घ्यावयास लावला, तरी बातमी वृत्तपत्रांत फुटलीच. २ सप्टेंबरला नेहरूंनी लोकसभेत ठामपणे सांगितले की, मुलकी सत्ता हीच श्रेष्ठ होय. थिमय्या दुखावले, पण १९६१ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिस्तीने काम करीत राहिले.

नेहरूंचे तत्त्व बिनचूक होते. मात्र त्या तत्त्वाच्या आडोशाला थिमय्यांची रास्त तक्रार गाडली गेली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १९६२ मध्ये नेफा आघाडीची धुरा याच कौल यांच्याकडे आली, आणि चीनपुढे आपली दाणादाण उडाली. मेनन यांना जावे लागले.

त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना पाचारण झाले. धोरण सरकारने आखावे, रणांगणावरील तपशील सेनापतींवर सोपवावा, अशी त्यांची रीत. सप्टेंबर १९६३ मध्ये पराभवाच्या चौकशीविषयी संसदेत निवेदन करताना, सैन्य कितीही मोठे असले तरी सरकारचे मार्गदर्शन त्याला लागतेच, हेही त्यांनी सांगितले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा जनरल चौधरी व एअर मार्शल अर्जनसिंग विमाने वापरण्याची परवानगी मागण्यास त्यांच्याकडे आले. चव्हाणांनी ती तिथल्या तिथे दिली. त्याच सायंकाळी आपली विमाने झेपावली.

१९६२ च्या पराभवावरील चौकशीचा तो अहवाल सरकारने मात्र अद्याप प्रसिद्ध केलेला नाही.