मारियाची

लग्नाला फ्रेंचमध्ये ‘मारियाज’ म्हणतात, त्यावरून मेक्सिकोतल्या लग्नातले वाजंत्री ‘मारियाची’ झाले, ही व्युत्पत्ती अजून हौसेनं सांगितली जाते. ती टिकत नाही. फ्रेंच फौजा तिथं आल्या १८६२च्या सुमारास. रोसामोरादाच्या कोस्मे सांता आना या पाद्र्यानं मात्र १८५२ सालीच बिशपला तक्रार लिहिली होती: जुगार, दारू, घोड्यांवरून आरडाओरडा, या भागात अशा जल्लोषाला ‘मारियाची’ म्हणतात! म्हणजे शब्द आधीपासून तिथलाच.

अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनच्या ‘कॅलेक्सिको’ बँडनं मारियाचीतली ट्रम्पेट इंडी रॉकमध्ये आणली. ‘फीस्ट ऑफ वायर’ (२००३) जरूर ऐका. वाळवंटाचं इतकं मोकळं संगीत क्वचितच सापडतं. बँडचं नाव सीमेवरच्या गावाचं, कॅलिफोर्निया आणि मेक्सिको जोडून केलेलं. कुंपणापलीकडच्या शहरानं तीच जोडणी उलटी केली: मेक्सिकाली.