समसंबंध (शब्दखेळ)

समसंबंध म्हणजे दोन शब्दांमधील नाते ओळखून त्याच नात्याची दुसरी जोडी पूर्ण करणे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीत असे प्रश्न येतात. वर्गात ते तोंडी खेळ म्हणूनही घेता येतात. ‘कोयनेला कराड, तर वारणेला काय?’ याचे उत्तर हरिपूर, कारण या ठिकाणी त्या-त्या नदीचा कृष्णेशी संगम होतो.

‘साताऱ्याला कंदी पेढे, तर सांगलीला काय?’ हा प्रश्न तर्काच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरतो. ‘गावाची प्रसिद्ध वस्तू’ एवढेच नाते धरल्यास हळद चालते. ‘तयार खाद्यपदार्थ’ असे नाते नेमके केल्यास हळद बाद होऊन भडंग उरते. म्हणून उत्तराआधी नाते पूर्ण वाक्यात सांगायला लावतात. केवळ जोड्या पाठ केलेला विद्यार्थी नेमका येथेच अडतो.