नुसते खडे काढता येत नाहीत का?

आपल्या गटाच्या वहीत कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो. शेळी, शिलाई मशीन, पोराची फी, आणि बऱ्याच वेळा एकच शब्द, 'दवाखाना'. या दवाखान्याबद्दल बोलताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. "ताई, डॉक्टर म्हणतात पिशवीत खडे झालेत, पिशवीच काढावी लागेल. नुसते खडे काढता येत नाहीत का?" प्रश्न साधा आहे आणि अगदी रास्त आहे. मोठमोठ्या डॉक्टरांनीही तो स्वतःला विचारला होता आणि त्याचं उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली. आज त्याचीच हकीकत सांगते.

आधी या 'पिशवी' शब्दाचं बघू. आपल्याकडे 'पिशवी काढली' म्हटलं की बायकांच्या डोळ्यांसमोर गर्भाशयच येतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली गेली का, हा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, त्यासाठी समिती नेमावी लागली. त्यामुळे डॉक्टरांनी पिशवी काढा म्हटल्यावर बाई दचकली, तर तिला अडाणी म्हणू नये. तिने दचकावंच आणि विचारावंही. फक्त ही पिशवी वेगळी आहे. उजव्या बरगडीखाली यकृत असतं, म्हणजे लिव्हर. त्याच्या खाली चिकटलेली, लहानशा लांबट वांग्याएवढी ही पित्ताची पिशवी, पित्ताशय. कोंबडी साफ करताना आपण जपून बाजूला काढतो आणि फुटली तर सगळा रस्सा कडू होतो, तीच. पित्त तयार होतं यकृतात, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पिशवी ते फक्त साठवते आणि घट्ट करते. आपण तेलकट-तुपकट खाल्लं की ती आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. त्या घट्ट झालेल्या पित्तातच खडे धरतात.

दुसरा घोळ 'पित्त' या शब्दाचा. डोकं दुखून आंबट उलटी झाली, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. छातीत जळजळलं, पित्त. त्यात वैद्यांचं पित्त तर या रसापुरतं नाहीच, वात-पित्त-कफ या मोठ्या विचारातलं आहे. एका शब्दात इतकी दुखणी कोंबली की खरं दुखणं त्यात हरवतं. जेवणानंतर तासा-दोन तासांनी बेंबीच्या वर, उजव्या बाजूला कळ येते, पाठीत, उजव्या खांद्याकडे जाते, तासन्‌तास राहते आणि मग आपोआप थांबते. बाई सोडा पिते, गोळी घेते, कळ तिच्या वेळेने थांबते आणि श्रेय सोड्याला जातं. अशी वर्षं निघतात.

हे दुखणं आजकालच्या खाण्याने आलं असं म्हणायची पद्धत आहे. ते पूर्ण खरं नाही. प्राचीन इजिप्तमधल्या एका पुजारणीच्या ममीत, म्हणजे जपून ठेवलेल्या मृतदेहात, पित्ताशय आणि त्यात तीस खडे सापडले होते. बाई तीनेक हजार वर्षांपूर्वीची! ते खडे लंडनच्या शल्यविशारदांच्या संग्रहालयात होते, दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली बॉम्ब पडून नष्ट झाले. गाईबैलांनाही हे खडे होतात. वैद्यांचं मोलाचं गोरोचन म्हणजे तेच. त्या पुजारणीला काय म्हणून औषध दिलं असेल कोण जाणे.

आता आपल्या प्रश्नाकडे. नुसते खडे काढून पाहिले होते, आणि तेही एका बाईवरच. अमेरिकेत इंडियानापोलिस गावात मेरी विगिन्स नावाची बाई होती. पोटात गोळा होता, वाढत होता. अंडाशयाची गाठ असावी असा सगळ्यांचा अंदाज. १५ जून १८६७ रोजी डॉक्टर जॉन बॉब्ज यांनी एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, क्लोरोफॉर्म देऊन तिचं पोट उघडलं. बघतात तर गाठ नाही, फुगलेलं पित्ताशय. त्याला छेद दिला तर आतून खडे बाहेर आले. त्यांनी खडे काढले, पिशवी शिवली, आत ठेवली, पोट बंद केलं. त्या काळात पोट उघडलेला माणूस वाचणं हीच बातमी असायची. मेरी वाचली. डॉक्टर बॉब्ज तीन वर्षांनी वारले, मेरी मात्र पुढे चाळीस वर्षांहून जास्त जगली. मला हे फार आवडतं, की या सगळ्या हकीकतीत पेशंट बाईचं नाव टिकलं. सहसा डॉक्टरचंच टिकतं.

मग इतर डॉक्टरही खडे काढून पिशवी ठेवू लागले. पण पुष्कळांना पुन्हा खडे झाले. बर्लिनच्या लाझारस रुग्णालयातले कार्ल लांगेनबूख यांनी यावर वेगळा विचार केला. खडे झाले म्हणून पिशवी वाईट नाही, पिशवी बिघडली म्हणून त्यात खडे होतात. विहीर तीच राहिली तर गाळ उपसून किती दिवस भागणार? पण पिशवीच काढली तर माणूस जगेल का? त्यांनी प्राण्यांकडे बोट दाखवलं. घोड्याला पित्ताशय नसतं, हत्तीलाही नसतं, आणि दोघांचं काही अडत नाही. मग त्यांनी मृतदेहांवर सराव केला आणि १५ जुलै १८८२ रोजी पहिल्यांदा जिवंत माणसाचं पूर्ण पित्ताशय काढलं. तो त्रेचाळीस वर्षांचा पुरुष होता, सोळा वर्षं कळा सोसत आलेला, मॉर्फिनच्या आहारी गेलेला. दुसऱ्या दिवशी तो पलंगावर बसून चिरूट ओढत होता. (आपण असं काही करू नये.)

म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर हे. खडे काढता येतात, पण पिशवी ठेवली तर ते पुन्हा धरतात. पिशवी नसली तरी यकृत पित्त करतच राहतं, ते थेट आतड्यात उतरतं. काहींना सुरुवातीला तेलकट खाल्ल्यावर पातळ शौचाला होतं, तेवढं सांभाळावं लागतं. मुतखड्याचं आणि याचं एक नाही. मुतखडा लघवीवाटे पडू शकतो, पित्ताशयातल्या खड्याला ती वाटच नाही. त्यामुळे कुळथाचं कढण पिऊन तो पडायची वाट बघू नये. कढण चांगलं लागतं, जरूर प्या, पण त्यासाठी नको.

यानंतर डॉक्टरी विद्येने एक अडाणीपणा केला, तो सांगायलाच हवा. कॉलेजात शिकणाऱ्या डॉक्टरांना घोकायला इंग्रजीत एक चौकडी दिली गेली: फॅट, फिमेल, फर्टाइल, फॉर्टी. जाड, बाई, लेकुरवाळी, चाळिशीची. यात थोडं तथ्य आहे. गरोदरपणात शरीरातल्या संप्रेरकांमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, पिशवी सुस्त पडते, म्हणून बायकांना खडे जास्त होतात. पण ही चौकडी हिणवण्यासारखीच वापरली गेली, आणि जी बाई तिच्यात बसत नाही तिचं काय? दिवसभर खुरपणी करून दुपारी दोनला पहिला घास खाणारी काडीसारखी बाई जाड कुठे असते? पण फार वेळ पोट रिकामं राहिलं की पिशवी आवळत नाही, पित्त साचून राहतं. झपाट्याने वजन उतरलं तरी खडे होतात. आणि सिकलसेलच्या मुली! नंदुरबार, गडचिरोलीकडच्या मैत्रिणींना हा आजार ठाऊक आहे. त्यात रक्तपेशी लवकर फुटतात, त्यांच्या रंगद्रव्याचे काळे खडे लहान वयातही धरतात. सिकलसेलची मुलगी पोट दुखतं म्हणाली तर 'नेहमीचंच' म्हणून सोडू नका.

बाईचं दुखणं खरं मानलं जायला ते दिसावं लागतं. त्याचीही गंमत ऐका. एक्स-रेत बहुतेक खडे दिसत नाहीत. अमेरिकेतल्या सेंट लुईस गावात डॉक्टर ग्रॅहम आणि त्यांचे तरुण मदतनीस कोल कुत्र्यांना एक रसायन टोचून पित्ताशय एक्स-रेत दिसतं का पाहत होते. महिनोन्‌महिने काही दिसेना. एक दिवस एकाच कुत्र्याचं पित्ताशय लख्ख दिसलं. कोल यांनी चौकशी केली, याला काय वेगळं केलं होतं? शेवटी कुत्री सांभाळणाऱ्या गड्याने कबूल केलं की त्या सकाळी याला खायला घालायचं राहिलं होतं. पोट रिकामं म्हणून पिशवी भरलेली, म्हणून ती दिसली. १९२४ साली माणसांसाठी ही तपासणी सुरू झाली. आजही सोनोग्राफीला 'उपाशी या' सांगतात ते याचसाठी. चहा-बिस्किट खाऊन गेलात तर पिशवी आवळलेली असते, खडा नीट दिसत नाही आणि पैसे दोनदा जातात.

सोनोग्राफी आली ग्लासगोतून. बॉयलरच्या लोखंडातल्या भेगा शोधायचं यंत्र इयान डोनाल्ड यांनी बायकांच्या पोटावर लावून पाहिलं. पोटाचा कॅन्सर म्हणून आशा सोडलेल्या एका बाईच्या पोटात यंत्राने पाण्याची गाठ दाखवली, ती काढली आणि बाई वाचली. हे १९५८ साली छापून आलं. याच यंत्राचं आपल्याकडे पुढे मुलीचा गर्भ पाडण्यासाठी काय केलं गेलं आणि १९८८ साली महाराष्ट्राला त्यावर कायदा का करावा लागला, ते वेगळ्या दिवशी बोलू.

दुर्बिणीचं ऑपरेशन तर आपल्या ओळखीचं. कुटुंब नियोजनाच्या शिबिरात कित्येकींनी करून घेतलंय. त्याच दुर्बिणीतून पित्ताशय काढावं हे जर्मनीतल्या एरिक म्यूहे यांनी १९८५ साली करून दाखवलं, तर तिथल्या सर्जनांनी त्यांना वेड्यात काढलं. फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी १९८७ साली एका बाईचं स्त्रीरोगाचं काम दुर्बिणीतून करता करता पित्ताशयही काढलं. आणि १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉक्टर तेहमटन उडवाडिया यांनी ते भारतात आणलं. ही श्रीमंतांची चैन आहे अशी टीका झाली. त्यांचं म्हणणं उलट होतं. ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्यालाच चार दिवसांत उठून कामाला लागण्याची गरज जास्त. मला हे पटतं. मोठी चीर घेतली तर घरातला पाण्याचा हंडा कोण उचलणार, हा हिशेब आपल्या घरात बाईच्याच वाट्याला येतो.

आता आपल्यापुरतं. सोनोग्राफीत खडे दिसले पण कधी दुखलंच नाही, तर बहुतेकींना ऑपरेशन लागत नाही. "माझी कळ खड्याचीच आहे ना?" हे डॉक्टरांना विचारा. कळ वारंवार येत असेल तर उसाचा हंगाम उरकू द्या, लग्न उरकू द्या, असं करत बसू नका. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, किंवा काही तास झाले तरी न थांबणारी कळ, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. खडा नळीत अडकलेला असू शकतो, त्याने स्वादुपिंडही सुजतं आणि जिवावर बेततं. कर्ज मागण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपलं ऑपरेशन बसतं का आणि कुठे, ते तो सांगेल.

ऑपरेशननंतर खडे बाटलीत घालून देतात, ते घरी सगळ्यांना दाखवले जातात. त्याबरोबर आणखी एक विचारा: काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का? क्वचित तिच्यात कॅन्सर निघतो. तो रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो, तोवर आपण घरी आलेलो असतो आणि कागद दवाखान्यातच राहतो. टाके दाखवायला जाल तेव्हा तो मागून घ्या आणि फाईलमध्ये लावा.