खेळात राजकारण आणले कोणी?

कृष्णवर्णीय खेळाडूंनी मैदानावर निषेध नोंदवला की एक आक्षेप ठरलेलाच असतो: खेळात राजकारण नको. तो केवळ वंशद्वेष्टेच घेतात असे नाही. खेळावर जीव असलेली माणसेही घेतात. त्यांचे म्हणणे असे की, वैरीसुद्धा एकाच नियमाखाली उतरतात अशी जागा मैदानाखेरीज फारशी उरलेली नाही. आज एकाच्या न्याय्य तक्रारीला विजयमंचावर वाव दिला, तर उद्या दुसऱ्याच्या विखाराला कोणत्या तोंडाने अडवणार? युक्तिवाद वजनदार आहे. पण त्यामागे एक गृहीतक आहे: निषेधापूर्वी तो मंच राजकारणमुक्त होता.

होता का?

16 ऑक्टोबर 1968, मेक्सिको सिटी. टॉमी स्मिथने 200 मीटरची शर्यत 19.83 सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकली; जॉन कार्लोस तिसरा आला. दोघे बूट काढून, काळ्या मोज्यांनिशी मंचावर चढले. मोजे ही दारिद्र्याची खूण. कार्लोसच्या गळ्यातले मणी झुंडबळींच्या स्मरणार्थ. अमेरिकेचे राष्ट्रगीत सुरू झाले आणि काळा हातमोजा घातलेल्या दोन मुठी वर गेल्या. एकही शर्यत थांबली नाही, कोणाच्या अंगाला बोट लागले नाही. तरी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांच्या दबावाखाली दोघांना संघातून निलंबित करण्यात आले.

हेच ब्रंडेज 1936 साली अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते. ज्यूंच्या छळामुळे बर्लिनवर बहिष्कार घालावा, या मागणीला त्यांनी कडाडून विरोध केला होता. त्या बर्लिनमध्ये जर्मन विजेते मंचावरून नाझी सलामी देत होते. ती त्यांना खुपली नाही. समर्थन काय? ती त्या राष्ट्राची अधिकृत सलामी होती! म्हणजे नियम ‘राजकारण नको’ असा नव्हताच. राज्यसत्तेचे चालेल, माणसाचे नको, असा होता. ध्वज आणि राष्ट्रगीत ज्या समारंभाचा कणा आहे, त्याला राजकारणमुक्त म्हणणे हेच मुळात धाडसाचे.

आता विखाराची भीती. तगडी झुंज आणि धसमुसळेपणा यांतला फरक पंच रोज करतोच. निवाडा अवघड आहे म्हणून सर्वांचीच तोंडे बांधा, हा कुठला न्याय?

‘निषेध करा, पण अन्यत्र’ ही सूचना सभ्य वाटते खरी. पण या खेळाडूंच्या चळवळीने आपल्या मागण्या स्पर्धेआधीच जाहीर केल्या होत्या: मुहंमद अलीचे विजेतेपद परत द्या, कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमा, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला दूर ठेवा. 1968च्या फेब्रुवारीत ऑलिंपिक समितीने दक्षिण आफ्रिकेला प्रवेश दिलाच. एप्रिलमध्ये तो मागे घ्यावा लागला. का? आफ्रिकी राष्ट्रांसह अनेकांनी बहिष्काराची धमकी दिली म्हणून. अन्यत्र केलेल्या विनंतीने हे साधले असते, असे मानणाऱ्यांनी पुरावा द्यावा.

आणि एक प्रश्न आपल्याच घरातला. 1974 साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ आपण खेळलोच नाही. चषक त्यांना न खेळता मिळाला. तो निर्णय सरकारचा होता, आणि त्याला आपण तत्त्वनिष्ठा म्हणतो. स्मिथ आणि कार्लोस तर मैदानात उतरले, धावले, पदके जिंकली आणि मगच मूठ उंचावली. मग त्यांचाच तेवढा बेशिस्तपणा कसा?