फोटोखाली नसलेली नावे

आमच्या पांढुर्ण्याला बाहेरचा कॅमेरा वर्षातून एकदा येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते. अल्याड पांढुर्णा, पल्याड सावरगाव, आणि मध्ये दगड. संध्याकाळी तीच चित्रे साऱ्या देशाला दिसतात. या गोटमारीची कथा आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी पळवून नेत होता, आणि नदीत दोन्ही गावांनी त्यांना गाठले. पण त्या मुलीचे नाव मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेले नाही.

ही गोष्ट ध्यानात आली ती एका वेगळ्याच निमित्ताने. नागपूरला शिकणारी माझी मुलगी सुट्टीत घरी आली आणि तिने मला एक माहितीपट दाखवला. जेमतेम २२ मिनिटांचा. नाव 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल'. २०२१ साली बेन प्राउडफुट यांनी केलेला. पडद्यावर एक वयस्क कृष्णवर्णी बाई आपली हकिकत सांगते, हसते, मध्येच थांबते. आणि अधूनमधून तिच्या तरुणपणच्या सामन्यांच्या जुन्या फिती दिसतात. बस, एवढेच.

त्या बाईचे नाव लुसिया हॅरिस. जन्म १९५५चा, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातला. आईबाप बटाईने शेती करणारे, भावंडे अकरा. रात्री गोधडीच्या आडोशाने ही पोरगी टीव्हीवर बास्केटबॉल बघायची. उंची सहा फूट तीन इंच. तिच्या डेल्टा स्टेट विद्यापीठाने १९७५, ७६ आणि ७७ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे बास्केटबॉल प्रथमच आले, आणि त्या स्पर्धेतला पहिला गोल हिच्या हातून झाला. १९७७ साली पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धेतल्या न्यू ऑर्लिन्स जॅझ या संघाने तिची निवड केली. ती गेली नाही. घर, मूल, आणि पुढे मनाचा आजार. आपल्याच जुन्या शाळेत तिने मुलांना शिकवले आणि खेळवले. आज गाजणारी स्त्रियांची डब्ल्यू.एन.बी.ए. स्पर्धा १९९७ साली सुरू झाली, तेव्हा तिची चाळिशी उलटून गेली होती.

१८ जानेवारी २०२२ला ती वारली. मार्चमध्ये त्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. प्राउडफुट यांनी आणखी वर्षभर उशीर केला असता, तर ही हकिकत तिच्या स्वतःच्या आवाजात राहिली नसती.

मुळात हा खेळ स्त्रियांसाठी नवा नव्हता. जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१मध्ये तो शोधून काढला, आणि काही महिन्यांतच स्मिथ कॉलेजच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. मुलींना दम लागू नये म्हणून मैदानाचे तीन भाग पाडले आणि ज्या भागात उभी आहे त्यातच प्रत्येकीने राहावे, असा नियम केला. पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये गेला. स्त्रियांना त्यानंतर ४० वर्षे थांबावे लागले.

माहितीपट संपला आणि मला आमच्या ताईची आठवण झाली.

आम्ही मूळचे सौंसरचे. १९७४ साली ताई शाळेच्या बास्केटबॉल चमूत होती. मुरुमाचे मैदान, लाकडी खांबाला लोखंडी कडे. मुली सलवार-कमीजवर ओढणी आडवी बांधून खेळत. १९५६ साली नागपूर मुंबई राज्याच्या वाट्याला गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. त्यामुळे तासा-दोन तासांवरचे नागपूर सोडून संभागीय सामन्यासाठी या मुली छोट्या गाडीने छिंदवाडा, नैनपूर करीत जबलपूरला गेल्या आणि जिंकून आल्या. १९७५च्या उन्हाळ्यात ताईचे लग्न झाले, सावनेरला. लुसियाने माँट्रियलला पहिला गोल केला, तेव्हा ताईच्या मांडीवर मूल होते.

जबलपूरचा एक फोटो घरात आहे. दहा मुली, मागे शिक्षक, मध्ये खुर्चीवर पाहुणे. खाली हिंदीत पाहुण्यांचे नाव आहे, मुख्याध्यापिकेचे आहे, शिक्षकांचेही आहे. मुलींपुढे एवढेच: 'विजेता दल (बालिका)'.

आपल्या देशात चित्रफितींचा तुटवडा होता असे नाही. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली स्थापन झाली. सिनेमापूर्वी तिची वार्ताचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. धरणे, कारखाने, पुढाऱ्यांचे दौरे पाहिले. घामाघूम होऊन खेळणारी एखादी मुलगी त्यांत पाहिल्याचे मला आठवत नाही. आता दिवस थोडे पालटले आहेत. वाराणसीच्या सिंह भगिनींपैकी प्रशांती सिंह यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, चेन्नईच्या अनिता पॉलदुराई यांना २०२१मध्ये. जुलै २०१७मध्ये बंगळुरूला भारतीय मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून आशिया चषकाच्या 'ब' गटाचे विजेतेपद मिळवले. पुण्याची शिरीन लिमये पुढे भारताची कर्णधार झाली. या मुलींची नावे तरी राहतील. त्यांच्या आधीच्या पिढीचे काय?

म्हणून यंदा पोळ्याला ताई माहेरी आली, तेव्हा मुलीने मोबाईल तिपाईवर ठेवला आणि आत्याला समोर बसवले. ताई म्हणाली, "अवं, कायले पाह्यजे बापा ते सारं! पन्नास वरसं झाली." मुलगी म्हणाली, "आत्या, हिंदीत बोल, जास्त लोकांना कळेल." ताईने दोन वाक्ये हिंदीत सांगितली आणि अडखळली. मग आपल्या बोलीत सुरू झाली, ती तासभर थांबली नाही. जबलपूरच्या मैदानावर भर उन्हात पाय कसे भाजले, घरी परतल्यावर बाबा एक शब्दही न बोलता बाहेर कसे गेले, आणि त्यांनी रात्री जिलेबीचा पुडा कसा आणला. ही जिलेबी मी खाल्ली होती. ती कशाची, हे मला पन्नास वर्षांनी कळले.

फोटो पुढे ठेवून ताईने एकेकीवर बोट ठेवत नावे सांगितली. आठ नावे आली. दोन आली नाहीत. एक रामाकोन्याकडची, उंच, कड्यावरून परतलेला चेंडू हमखास पकडणारी. दुसरी लोधीखेड्याहून गाडीने येणारी, डावखुरी. दोघींचे चेहरे ताईला लख्ख आठवतात, नावे नाहीत.

आठ नावे मी फोटोच्या मागे शाईने लिहून ठेवली आहेत. दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. हा अंक सौंसर, पांढुर्णा, सावनेर, काटोल अशा दोन्हीकडच्या घरांत जातो. आपल्या घरी कुणी आई, आजी, काकू १९७४ साली जबलपूरला खेळून आलेली असेल, तर तिला एवढे विचारा. आणि तिने "कायले पाह्यजे" म्हटले, तरी समोरून उठू नका.